पहिलं पाणी

दत्ताकाका चौगुले नमस्कार करायच्या आधी समोरच्याची बाही चिमटीत धरतात. अंगठ्याने एकदाच चोळतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात, "पासष्ट-पस्तीस. पॉलिएस्टर जास्त." अमेरिकेत, ईडन प्रेरीत आम्ही त्यांच्या शेजारी राहायला आलो, त्या दिवशी माझ्या नवऱ्याचा असाच निकाल लागला. तो बिचारा हात पुढे करून उभा होता.

काका इचलकरंजीला डाइंग मास्टर होते. चाळीस वर्षं कापड रंगवण्यात गेली. आता मुलाकडे राहतात, पण जगाची वाटणी अजून दोनच भागांत करतात, पक्का आणि कच्चा. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या मागच्या अध्यक्षांनी म्हणे "पहिल्याच पाण्यात रंग सोडला". न सांगता आमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ काढून जाणारा समोरचा बॉब मात्र "पक्का". माझा निकाल पाच वर्षं राखून ठेवलेला होता. विचारलं की म्हणायचे, "तुझं धुणं चालू आहे अजून."

दोन हिवाळ्यांपूर्वी शालनकाकू गेल्या. त्यांच्या सुती साड्यांची एक बॅग राहिली होती. गेल्या उन्हाळ्यात सुनेने हळूच विचारलं, "बाबा, डोनेट करूया का?" काकांनी बॅग उचलून बेसमेंटमध्ये नेली आणि संध्याकाळी जेवताना जाहीर केलं की, आपण गोधडी शिवणार. पाठीला काकूंच्या साड्या आणि वरच्या बाजूला घरातल्या माणसांचे फोटो, कापडावर छापलेले. नात रिया ऑगस्टमध्ये कॉलेजला चालली होती. तिच्याबरोबर गोधडी जायची होती.

त्यांच्या घरचा प्रिंटर या कामाला चालेना. म्हणून माझा. दर शनिवारी सकाळी आठला बेल वाजायची. शनिवारची झोप नावाची वस्तू काकांच्या हिशेबी जगात नव्हतीच. इथे मटण गुंडाळायला एक चकचकीत कागद मिळतो. तो काका इस्त्रीने कापडाच्या पाठीला चिकटवून आणायचे. कापड ताठ झालं की प्रिंटर फसतो, त्याला वाटतं कागदच आला.

पहिले आले काकांचे सासरे. फेटा, मिशा, सगळं झकास उमटलं. कापड वाळल्यावर काकांनी ते माझ्या किचनच्या सिंकमध्ये गार पाण्यात सोडलं. आधी मिशा गेल्या. मग फेटा. मी ओरडले, "काका, सासरे चालले!"

"जाऊ दे," काका शांतपणे म्हणाले. "कच्चे होते. शाई बदल."

शाई बदलायची म्हणजे प्रिंटरच बदलायचा होता, हे मला दुकानात गेल्यावर कळलं. नवऱ्याने नव्या प्रिंटरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पेपर उघडला. सासरे तिसऱ्या खेपेला टिकले. काकांचा नियम कडक होता, पहिल्या पाण्यात रंग सोडला तो बाद. वशिला नाही. त्यांची स्वतःची आई दोनदा बाद झाली.

मग आला पायांचा प्रश्न. गोधडी अंगावर घेतली की तिचं एक टोक पायाशी येणार. तिथे कोणाला ठेवायचं? थोरामोठ्यांना पाय लागणार, मग झोपेत नमस्कार कोण करणार? रिया हसत सुटली. "आजोबा, इट्स अ ब्लँकेट! मी कशीही घेईन."

"कशीही नाही," काका म्हणाले आणि त्यांनी एका काठाला लाल पट्टी शिवली. लाल पट्टी डोक्याकडे. तिच्याखाली पणजोबा-पणजी, मग आत्या, मामा, अशी पायरीपायरीने माणसं खाली उतरली. अगदी शेवटी, पायाशी, काकांनी स्वतःला लावलं.

मी म्हटलं, "अहो, तुम्ही का तिथे?"

"हिचे पाय मला नवीन आहेत काय? लहानपणी रोज पाठ तुडवून द्यायची की माझी."

सगळी माणसं जागेवर बसली, फक्त मधला चौकोन मोकळा होता. तो कोणाचा, हे विचारायची गरज नव्हती. पण शनिवारमागून शनिवार गेले, तरी काका "बघू" एवढंच म्हणायचे. आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही, पण काका आमच्यातले नव्हते.

रिया रविवारी निघणार होती. त्याआधीच्या गुरुवारी काका फोटो घेऊन आले. काकू बर्फात उभ्या, साडी खोचलेली, अंगात काकांचा निळा स्वेटर, डोक्याला माकडटोपी आणि तोंडभर हसू. कापडही काकूंचंच होतं, त्यांच्या मोतिया साडीचा तुकडा. बाकीच्या साड्या गडद. छापण्याजोगा हा एवढाच. दुसरा नव्हता.

छापलं, दोन दिवस वाळवलं. शनिवारी काका सिंकपर्यंत आले आणि थांबले.

"तू धू," म्हणाले. "मी बाहेर आहे." आणि डेकवर जाऊन पाठ करून उभे राहिले.

मी कापड पाण्यात सोडलं. क्षणभर काही झालं नाही. मग स्वेटरमधून निळसर रंग पाण्यात उतरायला लागला. मी घाईघाईने पाणी ओतून टाकलं आणि हाक मारली, "काका, स्वच्छ आहे हो पाणी!"

काका आत आले. रिकाम्या सिंककडे बघितलं.

"स्वच्छ होतं, तर ओतलंस का?"

मी ओलं कापड त्यांच्यापुढे धरलं.

"चाळीस वर्षं पाणीच बघितलंय गं मी," ते म्हणाले. त्यांनी बाह्या वर केल्या, सिंक पुन्हा भरलं आणि तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं तसं ते कापड दोन्ही हातांनी पाण्यात उतरवलं. पाणी पुन्हा निळसर झालं. नियमाप्रमाणे काकू बाद होत्या. मी काकांच्या तोंडाकडे बघत राहिले.

काकांनी हात बाहेर काढले नाहीत. "असू दे," ते म्हणाले, माझ्याशी नाही. "पहिल्या पाण्यात सगळेच थोडा रंग सोडतात."

मला रडू आलं. ते मी लपवलं नाही. काकांना ते दिसलं की नाही, ठाऊक नाही.

तिसरं पाणी स्वच्छ निघालं. स्वेटर जरा फिका झाला होता, हसू होतं तसंच होतं. काका माझ्याकडे वळले. "आणि तू पक्की. पण खोटं बोलायचं असलं तर पाणी ओतत जाऊ नकोस."

मी कपडे वाळत घालायचे चिमटे आणले. ते म्हणाले, नको, खूण उठेल. मग दोन टोकं धरून ते खिडकीशी उन्हात उभे राहिले. मी चहा केला. तो निवला, पुन्हा गरम केला, पुन्हा निवला. काकांनी हात खाली केले नाहीत.