टिपणीसांचा नो क्लेम

आमच्या बिल्डिंगखाली गाड्या लावायला रेतीचं मोकळं मैदान होतं, तरी मधुकर टिपणीस आपली गाडी रस्त्यापलीकडे, म्युनिसिपाल्टीच्या मोठ्या कचरापेटीला खेटून लावायचे. भर ऑगस्टमध्ये ऑफिसातून आले की डोक्यावर रुमाल टाकून तेवढं अंतर उन्हातून चालत यायचे. मी एकदा विचारलं, एवढा वास सहन करून तिथेच का लावता? ते म्हणाले, "देवधर, कचरापेटी कधी रिव्हर्स घेत नाही."

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. आम्ही तेव्हा दुबईत, अल कुसैसला राहायचो. मी, बायको मीना आणि शाळेत जाणारी मुलगी. टिपणीस बरोबर आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये एकटेच. देरामधल्या एका शिपिंग कंपनीत ते अकाउंट्स बघायचे. बायको-मुलगी नाशिकला. मुलीच्या शिक्षणासाठी त्या तिकडे असतात, असं बिल्डिंगमध्ये सगळे म्हणायचे. मुलीचं कॉलेज संपून लग्नही झालं, तरी सगळे तेच म्हणत राहिले.

टिपणीसांना अभिमान एकाच गोष्टीचा, त्यांच्या नो क्लेमचा. दुबईत आल्यापासून त्यांनी गाडीच्या विम्यावर एकदाही पैसे मागितले नव्हते, त्यामुळे दर वर्षी हप्त्यात सूट मिळायची. लोक आपला मुलगा आयआयटीत आहे हे ज्या सुरात सांगतात, त्या सुरात ते सांगायचे, "आपला नो क्लेम आहे."

ती सूट जपायची म्हणून काय काय चालायचं! सकाळी धुकं पडलं की टॅक्सीने ऑफिस. वर्षातून कधी तरी पाऊस पडायचा, त्या दिवशी रजा. शुक्रवारी सगळं गाव सुट्टीला बाहेर पडतं म्हणून गाडी बंद. शारजाच्या राउंडअबाउटवर सगळ्या दिशांच्या गाड्या संपेपर्यंत ते थांबून राहायचे. त्या काही संपायच्या नाहीत. मागून हॉर्न वाजायचे, कोणी काच खाली करून "यल्ला, यल्ला" ओरडायचं. टिपणीस आरशात बघून शांतपणे म्हणायचे, "याचा बंपर बघ. दोन रंगांचा आहे." त्यांच्या गाडीत लिफ्ट मिळायची, पण राउंडअबाउट आलं की बोलायचं नाही ही अट. आमच्या मुलीने एकदा त्यांच्या गाडीतून उतरल्यावर मला विचारलं, "बाबा, इज अंकल्स कार सिक?"

हळूहळू हे प्रकरण गाडीबाहेरही पसरलं. हॉटेलात डाळीत केस निघाला तर बाजूला काढून जेवायचे, तक्रार नाही. त्यांच्याही वरच्या मजल्यावरचा एसी त्यांच्या गॅलरीत गळायचा, तिथे बादली ठेवायचे. दाढ सुजली तेव्हा कंपनीचं मेडिकल कार्ड खिशात असून लवंग धरून बसले. मी जवळजवळ ओढतच डॉक्टरकडे नेलं, तर जाताना सुजलेल्या गालातून म्हणतात, "उगाच क्लेम होतोय रे."

एक दिवस मात्र ते भांडायचे. गाडीचं रजिस्ट्रेशन, ज्याला तिथे मुल्किया म्हणतात, ते दर वर्षी नवं करावं लागे, आणि आधी विमा काढल्याशिवाय ते होत नसे. विमा कंपनीच्या काउंटरवर कुरियन नावाचा एक सज्जन मल्याळी बसायचा. टिपणीसांचं म्हणणं असं, की गाडीची किंमत दर वर्षी उतरते, मग हप्ता कसा चढतो? कुरियन म्हणायचा, "सर, मार्केट रेट बढ गया." टिपणीस म्हणायचे, "मार्केट ने मेरी गाडी चलाई क्या?" मग दिरहमचे रुपये करून, एवढ्यात नाशकात चांगली स्कूटर येते, हे ते कुरियनला मराठीतून ऐकवायचे. कुरियन चहा मागवायचा. शेवटी थोडी सूट वाढवून मिळायची आणि टिपणीस लढाई जिंकल्यासारखे घरी यायचे. मला वाटतं, कुरियनही त्या दिवसाची वाट बघत असावा. वर्षभर टिपणीसांशी एवढा वेळ दुसरं कोणी बोलत नसे.

त्याच सुमारास मीनाने गाडी शिकायचं मनावर घेतलं. तिकडे लायसन्स मिळवणं म्हणजे दिव्य. टेस्टला पोलिस शेजारी बसायचा आणि दोन मिनिटांत "खलास" म्हणून उतरवायचा. मीना किती वेळा नापास झाली ते बिल्डिंगमध्ये सगळ्यांना पाठ होतं. अखेर पास झाली तेव्हा तिने घरोघरी शिरा वाटला. टिपणीसांनी शिरा घेतला, वहिनींचं तोंडभरून अभिनंदन केलं आणि संध्याकाळी गाडी कचरापेटीच्या पलीकडच्या बाजूला नेऊन लावली.

मीनाने गॅलरीतून ते पाहिलं. आधी हसली, मग आत येऊन पडदा ओढून घेतला.

पुढे महिनाभराने रस्त्यापलीकडे पाइप टाकायला खोदकाम निघालं. कचरापेटी हलली आणि टिपणीसांना नाइलाजाने आमच्या रांगेत गाडी लावावी लागली. त्या शुक्रवारी सकाळी मीना भाजी आणायला एकटी निघाली. मी अंघोळीला शिरलो होतो. खालून पत्रा चेपल्याचा आवाज आला तेव्हाच मला कळलं. अंगावर शर्ट चढवून, डोकं तसंच ओलं ठेवून खाली धावलो.

मीनाने रिव्हर्स घेताना टिपणीसांच्या गाडीच्या मागच्या दारात गाडी घातली होती. दार चांगलंच आत गेलं होतं. ती स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून तशीच बसली होती, रडतही नव्हती. टिपणीस पायजम्यावर, स्लिपर घालून माझ्याआधी तिथे पोचले होते. गॅलऱ्यांमधून लोक बघत होते. एवढी वर्षं जपलेल्या गाडीला पोचा आला, आता हा माणूस काय करतो, हे बघायला सगळे उभे होते.

तिकडे पोलिसांच्या कागदाशिवाय कुठलंही गॅरेज पोचा काढत नाही. चूक कोणाची ते पोलिस तिथल्या तिथे ठरवतो आणि ज्याची चूक त्याच्या विम्यावर दोन्ही गाड्यांचा खर्च पडतो. पोलिस आला, त्याने दोन्ही गाड्यांभोवती चक्कर मारली आणि विचारलं, काय झालं?

टिपणीस पुढे झाले. "मेरा गलती," ते म्हणाले. "मैं निकाल रहा था. देखा नहीं."

पोलिसाने त्यांच्या पायजम्याकडे आणि स्लिपरकडे बघितलं. पुन्हा विचारलं. टिपणीसांनी पुन्हा तेच सांगितलं. मीना काच खाली करून काही बोलायला लागली, तर तिच्याकडे न बघता ते मराठीत म्हणाले, "वहिनी, तुम्ही बोलू नका."

चूक कबूल करणारा माणूस पोलिसाला रोज भेटत नसावा. त्याने खांदे उडवले आणि कागद लिहून दिले. पोलिस गेल्यावर मी काही म्हणणार, तेवढ्यात टिपणीस आमच्या गाडीचं दार उघडून मीनाच्या शेजारी बसले.

"भाजी आणायची होती ना? चला. मी बसतो बरोबर."

मीना म्हणाली, आज नको भाऊजी, माझे हात कापतायत. ते म्हणाले, "कापू देत. आज नाही काढली तर पुन्हा कधी काढणार नाही तुम्ही."

आणि ती दोघं गेली. मी ओल्या डोक्याने मैदानात उभा. राउंडअबाउट वाटेत होतंच. मीनाने नंतर सांगितलं, की तिथे ते एकसारखे बोलत होते, अगदी सावकाश. आता बघा, आता थांबा, आता जा.

मुल्कियाची वेळ आली तेव्हा मी मुद्दाम त्यांच्याबरोबर गेलो. कुरियनने कागद बघितले आणि चष्मा काढून ठेवला. "टिपणीस सर, आप?" घरात कोणी गेल्यावर विचारतात तसं त्याने विचारलं. सगळी सूट गेली होती, वर हप्ता चढला होता. टिपणीसांनी भांडण केलं नाही. सही केली. कुरियनने चहा मागवला होता, तोही न घेता उठले.

बाहेर आल्यावर मी त्यांना एका कॅफेटेरियात नेलं आणि वाढलेले पैसे मी देतो म्हणून विषय काढला. ते ऐकेनात. मग सुलेमानीचा, म्हणजे तिकडच्या बिनदुधाच्या चहाचा, ग्लास दोन्ही हातांत धरून, माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

त्यांची बायको सुधा लग्नानंतर इथेच होती. तिने गाडी शिकली होती, आणि पहिल्याच झटक्यात पास झाली होती. मुलीला शाळेत सोडायची, मैत्रिणी गोळा करायची, एकदा तर अबुधाबीपर्यंत जाऊन आली होती. मग एक दिवस बिल्डिंगच्या खांबाला गाडी घासली. दार आत गेलं.

"मी तिला एका शब्दाने बोललो नाही," टिपणीस म्हणाले. "फक्त म्हटलं, क्लेम नको करायला. राहू दे पोचा. सूट जाईल."

पोचा राहिला. रोज सकाळी सुधाताई गॅलरीत उभ्या राहून त्यांना निघताना बघायच्या, आणि गाडीची ती बाजू नेमकी गॅलरीकडे असायची. त्यांनी किल्ली पुन्हा मागितली नाही. यांनीही, हिची भीती गेली की मागेल, असं समजून दिली नाही. त्या काळी कुसैसमध्ये बस नव्हती म्हटलं तरी चालेल. दिवसभर त्या एसीच्या खोलीत बसून राहायच्या, दुधाची पिशवी आणायलासुद्धा हे घरी येण्याची वाट बघायच्या. पुढे एका सुट्टीत नाशिकला गेल्या आणि म्हणाल्या, थोडे दिवस राहते.

"भांडली असती तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "मी फोनवर विचारलं, कधी येतेस? म्हणाली, तिथे येऊन काय करू? आता नाशकात स्कूटरवर भटकते. सगळ्या गावाला ओळखते." ती गाडी त्यांनी नंतर पोच्यासकट विकून टाकली होती.

त्या हिवाळ्यात सुधाताई व्हिजिटवर आल्या. उंच, बोलक्या, मोठ्याने हसणाऱ्या. नवरा-बायको एकमेकांशी फार नीट वागायची, पाहुणे आल्यावर माणसं वागतात तशी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टिपणीस खाली आले आणि दारातच उभं राहून मीनाला म्हणाले, "वहिनी, सुधाला जरा समुद्रावर फिरवून आणाल? मी नेलं तर ती नको म्हणते. तुम्ही विचारलं तर येईल."

मीनाने नेलं. त्या दोघी जाऊन परत येईपर्यंत टिपणीस गॅलरीत उभे होते. मी चहाला हाक मारली तर हातानेच नको म्हणाले. संध्याकाळी गाडी मैदानात शिरली तेव्हा सुधाताई हसत हसत उतरल्या, चपलांमधली वाळू झटकली आणि वर बघितलं. टिपणीसांनी हात केला. मग दोघींचं रोजचंच झालं. सुधाताईंच्या हातात शिंपले असायचे, कधी मासे असायचे.

व्हिसा संपला आणि त्या परत गेल्या. टिपणीसांनी राहा म्हटलं की नाही ते आम्हाला माहीत नाही. एअरपोर्टवरून आल्यावर ते वर गेले नाहीत. आमच्याकडे बसले. मीनाने पोहे केले, ते त्यांनी खाल्ले. इकडचं तिकडचं बोलणं झालं. निघताना दाराशी थांबून त्यांनी मीनाला विचारलं,

"गाडीत माझ्याबद्दल काही बोलायची का हो ती?"

मीनाने मला नंतर सांगितलं, की त्या दोघी मुलींबद्दल, साड्यांबद्दल, नाशिकच्या शेजारणींबद्दल भरपूर बोलल्या होत्या. टिपणीसांचं नाव एकदाही निघालं नव्हतं. पण तेव्हा दाराशी उभ्या असलेल्या माणसाला ती लगेच म्हणाली,

"बोलायच्या ना. म्हणायच्या, एकटे असले की धड जेवत नाहीत. ब्रेडवर भागवतात."

"असं म्हणाली?"

"काळजी वाटते म्हणाल्या."

टिपणीसांनी मान हलवली. मग जिना चढून गेले.

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी वरच्या फ्लॅटमधून कुकरची शिट्टी ऐकू यायला लागली.