दगडूमामांचा उजवा पाय

आमच्या गल्लीत दगडूमामांच्या दाराशी डाव्या चपलांचा ढीग असायचा. सगळ्या जवळजवळ नव्या. उजवी एकही नाही. बाजारातून नवा जोड आणला की थोड्याच दिवसांत उजव्या चपलेला अंगठ्याखाली भोक पडायचं. मग ती फेकून द्यायची आणि डावी ढिगावर टाकायची.

याचं कारण मामांचा उजवा पाय. तो कधी स्वस्थ बसला नाही. मामा बाजेवर बसलेले असोत, ताटावर असोत, नाहीतर विहारात वंदना चालू असो, रस्त्यावरून गाडी गेली की तो पाय जमिनीला दाबला जायचाच. बायका पदराआड हसायच्या, "बघा, मामानं रेस दिली!"

नामांतराच्या दंगलीत गावातली घरं जळाली, तेव्हा मामा आणि आम्ही एकाच ट्रकात बसून मानवतला आलो. तेव्हापासून ते आमचे शेजारी. एकटेच राहायचे. लेक ट्रकावर होता, घरी फिरकत नव्हता. त्याचं नाव त्यांच्यासमोर कुणी काढत नसे.

मामांचं गाड्या दुरुस्तीचं दुकान रस्त्यालाच होतं. गाडी आली की ते आधी माणसांना गप्प करायचे. "मालक खोटं बोलतो. डायवर त्याच्याहून लय खोटं बोलतो. गाडीला खोटं येत न्हाई. तिला बोलू द्या." मग बॉनेटवर कान ठेवून डोळे मिटायचे. एकदा एका जीपवर असाच कान ठेवला आणि तिथंच त्यांचा डोळा लागला. जागे झाल्यावर म्हणाले, "घेऊन जा. हिला कायबी झालं न्हाई. बिघडल्या गाडीवर असली झोप लागत न्हाई."

एका वर्षी जत्रेत मौत का कुआ आला. लाकडी फळ्यांची उभी गोल विहीर. तिच्या भिंतीवर मोटार आडवी होऊन गरागरा फिरायची आणि लोक वरच्या काठावरून वाकून बघायचे. मोटार चालवणारी रेशमा, माझ्याच वयाची. तिनंच ती लहानशी मोटार मामांच्या दुकानात आणली. मागोमाग खेळाचा मालक आला.

"चाचा, ऊपर चढली की मी पाय उचलते, पण रेस कमीच होत न्हाई," रेशमा म्हणाली. "काल काठापर्यंत गेली. अजून हातभर गेली असती तर लोकांच्या अंगावर पडली असती."

मालक म्हणाला, "नजर लागलीय, दुसरं काय! लिंबू बांधलंय. दुपारचा खेळ हाय, लवकर करा."

मामांनी आधी लिंबू तोडलं. मग एक्सलेटरची वायर काढली, तेल घातलं, बसवली. कार्बुरेटर उघडला, पुसला. स्प्रिंग बदलली. जमिनीवर गाडी शहाण्या सुनेसारखी वागली. पाय दाबला की ओरडायची, उचलला की गप्प.

"झालं की मग!" मालक म्हणाला.

"काय झालं? खाली बिघडतच नव्हती तर खाली दुरुस्त कशी होईल?" मामांनी चावी काढून बंडीच्या खिशात घातली. "ही पोर भिंतीवर मरंल, अन् तुमी दुसरं लिंबू आणताल. मला सापडल्याबिगर चावी मिळणार न्हाई."

मालकानं आरडाओरडा केला. मामा उठून सरळ आमच्या दारात येऊन बसले. पाय जमिनीवर ठकठक चालूच.

मी गोधडी शिवत होते. बाळ झोळीत होतं आणि झोळीची दोरी मी पायाच्या अंगठ्याला बांधली होती, म्हणजे हात कामाला मोकळे राहतात. बाळानं कूस बदलली, दोरी ताणली गेली आणि माझा अंगठा ओढला गेला.

मामा एकदम म्हणाले, "माय, पाय तू हलवला का?"

मी मोठ्या माणसांशी फारसं बोलत नसे. खाली बघूनच म्हणाले, "न्हाई मामा. लेकरू कुशीवर वळलं."

मामा माझ्या अंगठ्याकडं बघतच राहिले. मग असे धावले, की एक चप्पल माझ्या दारात राहिली. डावी.

बाजारातून कापूस भरलेली पोती आणून रस्त्यावर रचली. सगळी गल्ली जमली. मामांनी गाडी चालू केली, रिकामीच, आणि माणसांना ती एका अंगाला पोत्यांवर कलती करायला लावली. गाडी कलली तशी आपोआप किंचाळायला लागली. आत माणूस नव्हता.

"ऐका!" मामा ओरडले. "कुणाचा पाय हाय का आत? लिंबाचा हाय का? इंजन कुशीवर वळायलंय, तेच वायर ओढायलंय!"

इंजिन ज्या रबरी गाद्यांवर बसतं, त्या कुजून गेल्या होत्या. भिंतीवर गाडी आडवी झाली की इंजिन एका बाजूला झुकायचं. मामांनी ट्रकच्या जुन्या टायरातून जाड तुकडे कापले, ते बोल्टनं आवळले आणि वायरीला थोडी ढील दिली. गाडी परत कलती केली. गप्प राहिली.

तरी चावी दिली नाहीच. "आधी मी बसणार, हिच्या शेजारी. भिंतीवर गाडी काय बोलते ते मला ऐकायचंय."

"ह्या वयात?" मालकानं कपाळाला हात लावला.

"मग वय झाल्यावर बसू का?"

जत्रेत मी बाळाला घेऊन विहिरीच्या वरच्या काठावर उभी राहिले. फळ्या थरथरत होत्या. त्या गाडीला दारं नव्हती, म्हणून मला आतलं दिसत होतं. मामांनी डोळे घट्ट मिटले होते आणि उजवा पाय समोरच्या पत्र्याला दाबून धरला होता. रेशमानं वर जाऊन पाय उचलला. आवाज उतरला, गाडी अलगद खाली येऊ लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

खाली रेशमा हसत म्हणाली, "चाचा, तुमी तर माझ्याहून जास्त रेस देत होता!"

"रेस न्हाई, बेटी," मामा म्हणाले. "बिरेक."

घरी येताना मी धीर करून विचारलं, "मामा, मग रस्त्यावर गाडी गेली की पाय दाबता, तेबी बिरेकच का?"

ते चालता चालताच म्हणाले, "आपला ट्रक आठवतो का, माय? गावातून निघालेला? माझं पोरगं चालवीत होतं. बिरेक ढिले होते त्याचे. मी बाजूला बसून सगळ्या रस्त्यानं पाय दाबत आलो. त्यानं तुमा सगळ्यांना इथं उतरवलं अन् त्याच ट्रकावर निघून गेला. म्हणला, आता कुठल्याच गावात राहणार न्हाई." मग म्हणाले, "त्याचे बिरेक कोण बघत आसंल?"

मागून एक ट्रक आला. मामांनी वळून पाहिलं नाही. त्यांचा पाय तेवढा मातीत दाबला गेला.

मीही बाळाला खांद्यावर घट्ट धरलं आणि ट्रक दिसेनासा होईपर्यंत चपलेत अंगठा दाबून उभी राहिले.