यशोधनचे सखोल चिंतन

दिवसा डुलकी लागणे हे कर्तृत्वाचे लक्षण होय. एमआरटी मेट्रोत उभ्याउभ्या झोपू शकणाऱ्या माणसाकडे सिंगापुरात आदराने पाहिले जाते. ताजेतवाने दिसणारे लोक बहुधा कामचुकार असतात.

यशोधन या कसोटीवर बराच वर चढला होता. घर जुरोंग ईस्टला, नोकरी तुआसच्या एका कारखान्यात मॅनेजरची. मीटिंग सुरू झाली की तो डोळे मिटून हनुवटी छातीला टेकवी. वरिष्ठांनी याला सखोल चिंतन मानले आणि आणखी एक विभाग त्याच्याकडे सोपवला. (चिंतनातून येणारा आवाज एसीचा समजला जाई. एसी दोनदा दुरुस्त झाला.)

त्याची बायको अनघा मात्र या कर्तृत्वाबद्दल उदासीन होती.

"झोपेत तुझा श्वास थांबतो," ती नाश्त्याला म्हणाली. "मी जागी राहून वाट बघते, परत सुरू होतोय का."

"मग होतो ना सुरू?"

"आजपर्यंत झालाय."

यशोधनला हे उत्तर समाधानकारक वाटले. चालत्या मशीनला हात लावू नये, असा कारखान्याचा दंडकच होता.

पुढच्या रविवारी अनघासोबत ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर सायकल चालवताना त्याला डुलकी लागली. रस्ता वळला, यशोधन वळला नाही. झुडपातून त्याला बाहेर काढले तेव्हा मनगट मोडले होते आणि अनघा शेजारी बसून रडत होती. ती रागावली असती तर त्याच्याकडे उत्तर तयार होते. पण ती रडत होती, म्हणून त्याने डॉक्टरांची वेळ घेतली.

तपासणीत कळले, झोपेत त्याचा घसा मिटतो, श्वास अडतो आणि मेंदू त्याला रात्रभर पुन्हा पुन्हा उठवतो. (थोडक्यात, मेंदूला कायमची नाइट शिफ्ट होती.) डॉक्टरांनी वजन उतरवायला, रात्रीची बिअर सोडायला आणि हवेच्या मशीनचा मास्क लावून झोपायला सांगितले. मास्कमध्ये तो अग्निशमन दलातला दिसे. त्याने भरपूर कुरकुर केली. मग एका सकाळी तो उठला तर डोके दुखत नव्हते. डोके न दुखणे कसे असते, हेच तो विसरला होता.

अनघाला आधी त्या शांततेत झोप येईना. ती त्याच्या छातीवर हात ठेवून बघे. हळूहळू तीही झोपू लागली.

घोटाळा ऑफिसात झाला. यशोधन मीटिंग ऐकू लागला.

"ही स्लाइड मागच्या तिमाहीतलीच आहे," तो म्हणाला. "तेव्हाही आपण हा प्रश्न पुढच्या मीटिंगवर ढकलला होता."

त्याचे वरिष्ठ प्रबोध यांनी त्याला बाजूला घेतले. "घरी सगळं ठीक आहे ना? पूर्वी किती शांत असायचास तू."

नवा विभाग काढून घेण्यात आला. तिथे चिंतनशील माणूस हवा होता. यशोधनला वाईट वाटले, पण पूर्ण जागेपणी. आता तो अनघाचे बोलणे शेवटपर्यंत ऐकतो. (यात काही तोटेही आहेत.)

आपण घोरत नाही, असे तुम्ही एव्हाना मनाशी म्हटलेच असेल. उत्तम. फक्त तुमच्या घरातले माणूस उशी घेऊन हॉलमध्ये झोपायला जाते, ते तिथे वारा चांगला येतो म्हणूनच ना, एवढे एकदा विचारून घ्या.