गुडघाभर चौदा मीटर

"समुद्राचा तळ माझ्यापासून लपून राहूच शकत नाही!" असं म्हणून बाईंनी चहाचा कप असा आपटला, की बिचारी बशी दचकली.

बाई म्हणजे भूगोलाच्या बाई. उभा जन्म त्यांनी भिंतीवरच्या नकाशातला समुद्र छडीने दाखवण्यात घालवला, आणि स्वतः मात्र खऱ्या समुद्रात घोट्यापर्यंतही उतरल्या नाहीत. त्या निवृत्त झाल्या आणि धाकटे दीर गाव सोडताना आपली छोटी मोटरबोट यांच्या गळ्यात मारून गेले. काकांना, म्हणजे बाईंच्या यजमानांना, ती गळ्यातली धोंड वाटायची. बाईंना मात्र हार वाटायचा!

"अगं, खाडीच्या तोंडाशी गाळ कुठे आणि पाणी कुठे, कोणाला पत्ता नाही," काका म्हणाले. "बोट धक्क्याला बांधून कुजवण्यापेक्षा विकून मोकळे होऊ. वकीलसाहेब घ्यायला तयारच आहेत."

"मला एक रविवार द्या! दीपगृहापर्यंत जाऊन येते आणि जाता जाता खोलीचा नकाशाही करते. जमलं तर बोट राहील. नाही जमलं तर खुशाल विका, मी चकार शब्द काढणार नाही."

बाई चकार शब्द काढणार नाहीत, या नुसत्या कल्पनेनेच काकांनी होकार दिला.

मग घरात चार्टप्लॉटर आला. हे टीव्हीच्या धाकट्या भावासारखं दिसणारं यंत्र. बोटीच्या तळाला सेन्सर बसवायचा, तो खाली पाणी किती ते सांगतो. पडद्यावर नकाशा, नकाशावर एक बाण, आणि तो बाण म्हणजे आपली बोट. आपण जिथून जाऊ तिथली खोली नकाशात रंगत जाते. बाईंनी यंत्र आधी जेवणाच्या टेबलावरच मांडलं. त्यात सरावाची सोय होती. ती चालू केली, की बाण घरबसल्या दीपगृहाकडे निघायचा आणि खोलीचे आकडे आपल्या मनाने ठोकून द्यायचा. काका ताट कुठे ठेवू म्हणून विचारायचे, तर बाई म्हणायच्या, "थांबा, वळण आलंय!"

पडद्याच्या कोपऱ्यात 'सराव चालू' अशी लाल अक्षरं सारखी लुकलुकायची. "मेलं डोळ्यात जातंय!" म्हणत बाईंनी प्रथमोपचाराच्या डबीतली शेवटची चिकटपट्टी त्यांच्यावर डकवून दिली. काम फत्ते! पुढे यंत्र बोटीवर चढलं, आणि त्याच्याबरोबर चिकटपट्टीही चढली.

रविवारी वन्सं, म्हणजे काकांची धाकटी बहीण, वहिनीला धीर द्यायला आल्या. वकीलसाहेब पांढरी शुभ्र पँट घालून बोट निरखायला आले. बाईंनी कंबर कसली, सुकाणू धरलं, आणि निघाली स्वारी!

"अकरा मीटर... बारा मीटर..." बाई पडद्यावरचं वाचत होत्या. समोर समुद्र होता, पण त्याच्याकडे बघायला वेळ कोणाला?

"वहिनी, जरा पुढे बघा ना!"

"वन्सं, बघायचं काम यंत्र करतंय. वळवायचं काम माझं."

पडद्यावरचा बाण डावीकडे वळला. बाईंनीही सुकाणू गर्रकन डावीकडे फिरवलं.

धप्प!

वकीलसाहेब काकांच्या मांडीवर, काका खाऊच्या टोपलीवर, आणि वन्संचं बोट फळीत! इंजिन गुरगुरलं, खोकलं आणि गप्प झालं.

"रुतलो," काका म्हणाले.

"छे! चौदा मीटर पाणी आहे खाली. आणि आपण चाललोय, हा बघा बाण!"

"अगं, मग तो पाण्यातला खांब मघापासून आपल्या शेजारीच कसा?"

"खांबाचं मला सांगू नका!"

काकांनी मुकाट्याने पँट गुडघ्यावर चढवली आणि एक पाय बाहेर टाकला.

"अहो, मागे या! तुम्हाला पोहता येत नाही! चौदा मीटर आहे!" बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात काकांनी उडी मारली, आणि गुडघाभर पाण्यात उभे राहिले.

"चौदा मीटर गुडघ्यापर्यंत येतं," काकांनी कळवलं.

"तुम्ही उंचवट्यावर उभे आहात!"

काकांनी बोटीला शांतपणे एक चक्कर मारली. "उंचवटा ऐसपैस आहे गं."

दोघा पुरुषांनी बोट ढकलून पाहिली. वकीलसाहेबांची पँट चॉकलेटी झाली, बोट काही हलली नाही. त्यात ओहोटी अजून संपली नव्हती. पाणी काकांच्या पोटरीवर आलं, मग घोट्यावर. इतक्यात यंत्र आनंदाने किणकिणलं, 'मुक्काम आला!'

"हे दीपगृह का?" वकीलसाहेबांनी चिखलाकडे बघत विचारलं.

वन्संच्या बोटातून रक्त येत होतं. त्यांनी बरोबर आणलेली प्रथमोपचाराची डबी उघडली तर ती रिकामी. इकडेतिकडे बघता बघता त्यांना पडद्यावरची चिकटपट्टी दिसली. त्यांनी ती टर्रकन ओढली आणि खालची लाल अक्षरं लुकलुकली.

"सराव चालू," वन्संनी मोठ्याने वाचलं.

बाईंचा चेहरा इतका उतरला, की काकांनाच भरून आलं.

"मला एकदाच खऱ्या समुद्रात जायचं होतं हो," बाई पुटपुटल्या. "सगळा जन्म भिंतीवरचाच दाखवला."

काका तिथेच चिखलात उभे होते. म्हणाले, "रविवार अजून संपलेला नाही."

झालं! बाईंनी डोळे पुसले आणि सराव बंद केला. बाण थरथरला आणि खऱ्या जागी येऊन बसला. खोली शून्य! "हा आपला पहिला खरा आकडा!" बाई गरजल्या. मग सगळे पडद्यासमोर घोळका करून भरतीची वाट बघत बसले. पाणी बोटभर चढलं तरी वकीलसाहेब लिलाव पुकारल्यासारखे आकडा ओरडायचे. शेवटी बोट हलली, डुलली, तरंगली!

"चला घरी!" तिघं एका सुरात म्हणाले.

"आधी या चिखलाची मोजणी!" म्हणत बाईंनी त्या जागेभोवती चकरा मारल्या. आणि मग नाकासमोर सरळ दीपगृह! या खेपेला त्या पडद्याकडे बघत होत्या आणि समुद्राकडेही. दीपगृहाला वळसा घालताना तोंडावर खारं पाणी उडालं, तर बाई शाळेतल्या पोरीसारख्या खिदळल्या.

संध्याकाळी धक्क्यावर उतरताच वकीलसाहेब म्हणाले, "बोट तुम्हालाच लखलाभ!" आणि पँट सांभाळत चालू पडले. काकांनीही शब्द पाळला. बोट राहिली.

घरी येताच बाईंनी यंत्र टेबलावर ठेवून नकाशा उघडला. खाडीच्या तोंडाशी चहूकडे खोल निळं पाणी, आणि मधोमध टिकलीएवढा एकच तपकिरी ठिपका!

"बघा! उंचवटाच होता! मी तेव्हाच म्हटलं होतं!"

काकांनी चष्मा लावून नकाशा नीट न्याहाळला.

"खरंच गं. एवढं पाणी मोकळं पडलेलं असताना नेमक्या या ठिपक्यावर बोट चढवायची, म्हणजे साध्यासुध्या माणसाचं काम नाही. त्याला सराव लागतो!"