बुडालेला तृणमणी

वीज कार्यालयात मी बावीस वर्षं तक्रारींचं रजिस्टर लिहितो. त्यामुळे विजेतलं मला सगळं कळतं, असा घरात समज आहे. (तो मीच पसरवला आहे.) म्हणूनच परवा लेकीने वही पुढे करून विचारलं, "बाबा, 'इलेक्ट्रॉन' या शब्दाचा अर्थ काय?" तेव्हा मी ठरवलं, नुसतं सांगायचं नाही, करून दाखवायचं.

"मूळ शब्द ग्रीक. अर्थ, तृणमणी. म्हणजे झाडाचा लाखो वर्षं गोठलेला चीक. घासला की काडी ओढतो, त्यावरून विजेला नाव पडलं." (हे मी त्याच दुपारी डब्याखाली अंथरलेल्या वर्तमानपत्रात वाचलं होतं.) "आणि अस्सल तृणमणी आपल्या घरात आहे!"

लग्नानंतर हिला दिलेली पिवळी माळ! तिची कथा मी आल्यागेल्याला पंधरा वर्षं ऐकवतो आहे. माळ काढली, स्वेटरवर घासली आणि कपटे टपाटप चिकटले. माझी छाती इंचभर फुगली.

"पण माझा कंगवापण असंच करतो," लेक म्हणाली. "पुस्तकात दिलंय, खरा तृणमणी मिठाच्या पाण्यात तरंगतो."

"तरंगणारच!" मी कात्रीने दोरा कापला आणि एक मणी पातेल्यातल्या मिठाच्या पाण्यात सोडला. तो सरळ तळाला गेला.

"मीठ कमी पडलं," मी म्हणालो. मग अख्खी बरणी ओतली, उरलेले मणीही टाकले. सगळे एकजात बुडाले.

स्वयंपाकघरातून ही आली. "मीठ कुठंय?"

"विज्ञानात," लेक म्हणाली.

हिने पातेल्यात डोकावून पाहिलं. "अगं, दुकानदार शपथेवर म्हणाला होता…"

"अहो, मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. प्लास्टिक आहे ते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या ऐटीत सांगत होता! माळेपेक्षा मला तेच आवडायचं."

मला भरून आलं. अशी बायको मिळायला भाग्य लागतं. आणि लेक? पुस्तक वाचून बापाचीच परीक्षा घेणारी! काल तिच्या वहीवर बाईंनी 'उत्तम' असा शेरा दिला. मी ती वही कार्यालयात टेबलाटेबलावर फिरवली. सगळे मन लावून वाचत होते, हसतही होते. शेवटी मीही वाचली.

'इलेक्ट्रॉन या शब्दाचा मूळ अर्थ तृणमणी. तो आमच्या घरी नाही. बाबांनी स्वतः प्रयोग करून हे सिद्ध केले.'

खाली पालकांची सही होती. माझीच, न वाचता केलेली.