डाकारचा आहेर

शनिवारी सकाळी नंदू मॉनिटर घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा जयंती बेसमेंटच्या भिंतीला रंगाचा दुसरा हात देत होती. रंग फिकट पिवळा होता. लहान मुलांना पिवळा आवडतो असं तिने वाचलं होतं. मार्चमध्ये इन्स्पेक्टरबाई येऊन जागा पाहून गेल्या, की या बेसमेंटमध्ये तिची गार्डरी, म्हणजे घरगुती पाळणाघर, सुरू होणार होतं.

जयंती नागपूरची, मायक्रोबायॉलॉजीची एम.एस्सी. कॅनडात मॉन्ट्रियलला आल्यावर तिने बऱ्याच प्रयोगशाळांकडे अर्ज केले. उत्तरं नम्र होती. इथल्या जिवाणूंशी फ्रेंचमध्ये बोलावं लागतं, असा त्यांचा एकूण सारांश होता. मग तिने फ्रेंचचा क्लास लावला, आणि दोन वर्षांच्या मुलाशी बरोबरीने बोलता येईल इतकं फ्रेंच आल्यावर तिने गार्डरीचा विचार केला. इतक्या वर्षांनी काहीतरी तिचं स्वतःचं सुरू होणार होतं.

"वहिनी, जरा सरका. जड आहे," नंदू म्हणाला.

"हे काय?"

"आहेर."

नंदू मराठी मंडळाचा सेक्रेटरी होता. संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगूळ घेता घेता चारुदत्तने, म्हणजे जयंतीच्या नवऱ्याने, त्याला एक गोष्ट सांगितली होती. चारुदत्तची कंपनी डाकारमध्ये, म्हणजे सेनेगल देशाच्या राजधानीत, डिजिटल मीडिया आणि टेक्नॉलॉजीचं इन्क्युबेशन हब उघडत होती. तिथल्या तरुण मंडळींना जागा, इंटरनेट आणि सल्ला द्यायचा, आणि त्यांच्या नव्या कंपन्या उभ्या करायच्या, असं ते काम होतं. उद्घाटन एप्रिलमध्ये होतं आणि मॉन्ट्रियलकडची बाजू चारुदत्त सांभाळत होता. ही गोष्ट नंदूला सांगायची काहीही गरज नव्हती.

चारुदत्त तोंडात ब्रश धरून जिन्यात आला.

"अरे नंदू, त्यांच्याकडे सगळं नवीन आहे. खुर्च्यासुद्धा."

"असेल ना! नवरीच्या घरी भांडी नसतात का? म्हणून आपण आहेर द्यायचा राहतो का? एवढं उद्घाटन आहे, रिकाम्या हाताने कसं पाठवायचं?"

या युक्तिवादात कुठेतरी खोट आहे, हे चारुदत्तला जाणवलं. पण ती नेमकी सापडेपर्यंत नंदू मॉनिटर खाली ठेवून चहाला बसला होता. मॉनिटर जुना, पाठीमागे हातभर पोट असलेला होता. नंदूच्या बायकोने त्याला हळदकुंकू लावलं होतं.

"एकच आहे ना?" नंदू गेल्यावर जयंतीने विचारलं.

"एकच," चारुदत्त म्हणाला.

नंदूने आदल्या रात्री मंडळाच्या सगळ्या सभासदांना ईमेल पाठवला होता, हे त्याला तेव्हा माहीत नव्हतं. आफ्रिकेतल्या होतकरू मुलांसाठी जुने कॉम्प्युटर आणि इतर उपयोगी वस्तू चारुदत्तच्या लव्हालच्या, म्हणजे मॉन्ट्रियलला लागून असलेल्या गावातल्या, घरी, बेसमेंटमध्ये, केव्हाही आणून द्याव्यात, असं त्यात म्हटलं होतं.

केव्हाही म्हणजे रविवारी सकाळपासून. माणूस बर्फातून गाडी काढून आहेर घेऊन येतो, त्याला दारातून परत कसं पाठवायचं? आधी चहा झाला, मग पोहे झाले. रंगाचा ब्रश टर्पेंटाइनमध्ये आणि जयंती स्वयंपाकघरात, अशी विभागणी झाली. खाली कीबोर्ड आले, मोडेम आले, फॅक्स मशिन आलं. कुणाच्या तरी पहिल्या नोकरीतला पेजर आला.

"आई, व्हॉट इज अ फ्लॉपी?" ऊर्मीने विचारलं. ऊर्मी नऊ वर्षांची होती.

"बाबांना विचार. आता आपल्याकडे साठा आहे," जयंती म्हणाली.

लॅबमध्ये रात्री ठेवलेली जिवाणूंची प्लेट सकाळी पाहावी, तशी ती रोज सकाळी बेसमेंटचा दिवा लावून बघत असे. वाढ स्पष्ट दिसत होती.

खरी अडचण मात्र शैलेंद्रने केली. शैलेंद्र पुण्याचा, सगळं रीतसर करणारा माणूस. त्याने आणलेल्या प्रिंटरवर छापील पट्टी चिकटवलेली होती: 'कै. विश्वनाथ केशव यांच्या स्मरणार्थ, सप्रेम भेट.' ती पट्टी पुढच्या देणगीदाराने पाहिली. त्याने घरी जाऊन बायकोला सांगितलं. आठवड्याभरात बेसमेंटमधली निम्मी यंत्रं कुणाच्या ना कुणाच्या स्मरणार्थ झाली. आधी देऊन गेलेले लोक नुसती पट्टी चिकटवायला परत आले, आणि त्यांनाही पोहे करावे लागले.

त्यानंतर टोरोंटोहून कास्मिर आला. कास्मिर मूळचा वसईचा. नंदूचा ईमेल फिरत फिरत त्याच्या चर्चच्या मराठी ग्रुपपर्यंत गेला होता. तो आख्खी व्हॅन भरून घेऊन आला.

"कास्मिर, अरे जागाच नाही उरली," चारुदत्त ड्राइव्हवेमध्ये फावडं घेऊन उभा होता.

"सहा तास स्नोमधून ड्रायव्ह करून आलोय बाबा. आता काय परत नेऊ? आमच्या जॉर्जिनाने तर सगळ्यांवर प्रेयर पण म्हटलीय."

"आणि ही ट्रेडमिल कशाला?"

कास्मिरने ट्रेडमिलकडे बघितलं. "हिला डिजिटल डिस्प्ले हाय की," तो म्हणाला.

त्या दिवसापासून बेसमेंटच्या हीटरपर्यंत पोचता येईना. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभं राहून पिवळ्या रंगाचा थोडासा भाग दिसत असे, तो छताजवळचा होता.

त्याच संध्याकाळी इन्स्पेक्टरबाईंचा फोन आला. त्या पुढच्या शुक्रवारी सकाळी येणार होत्या. जयंतीने "वी, वी, मॅर्सी" असं फ्रेंचमध्ये होकार देऊन, आभार मानून फोन ठेवला आणि नवऱ्यासमोर येऊन बसली.

"चारू, शुक्रवारी त्या बाई येणार. खाली सहा मुलं खेळू शकतील अशी जागा त्यांना दिसली पाहिजे. नाही दिसली, तर पुन्हा नंबर लागायला वर्ष जाईल. आणि मी आणखी एक वर्ष पोहे करणार नाहीये."

तिचा आवाज चढला नव्हता. चारुदत्तला तो चढलेला परवडला असता.

त्याने पद्धतशीर सुरुवात केली. कचऱ्याची गाडी यंत्रं घेत नव्हती. जुन्या वस्तूंच्या दुकानातल्या मुलीने फोनवर 'मॉनिटर' हा शब्द ऐकला आणि त्याला शुभेच्छा दिल्या. मग त्याने पट्टी नसलेले तीन मॉनिटर रस्त्याच्या कडेला ठेवून वर 'फ्री' असा कागद लावला. सकाळी तिथे पाच होते. इंटरनेटवर, जुनी यंत्रं नेणारा कुणी लव्हालमध्ये आहे का, हे त्याने चार दिवस शोधलं. एकही सापडला नाही.

शेवटी त्याने नंदूला फोन केला.

"टाकू नकोस हं काही!" नंदू म्हणाला. "लोकांच्या भावना आहेत त्यात. शैलेंद्रच्या वडिलांचा प्रिंटर आहे."

"वडिलांचा नाहीये रे. त्याचाच आहे."

"तेच ते. तू असं कर, सरळ डाकारला पाठवून दे."

दुसरा मार्गच उरला नव्हता, म्हणून मंगळवारी चारुदत्त लॅपटॉप घेऊन जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसला आणि त्याने स्काइपवर आवा जॉपला गाठलं. आवा डाकारच्या हबची डायरेक्टर होती. चारुदत्तचं फ्रेंच पहिल्याच मीटिंगमध्ये ऐकल्यापासून ती त्याच्याशी इंग्रजीत बोलत असे. हीटर बंद असल्यामुळे त्याने कानटोपी घातली होती आणि जयंतीची जुनी शाल पांघरली होती.

"आमच्या लोकांनी तुमच्यासाठी थोड्या भेटवस्तू जमवल्या आहेत," तो म्हणाला आणि त्याने कॅमेरा फिरवला.

आवा स्क्रीनजवळ वाकली. तिच्या मागे काचेच्या भिंती, पातळ नवे स्क्रीन आणि उन्हात चमकणारा समुद्राचा तुकडा दिसत होता.

"हे तुमचं घर आहे?" तिने विचारलं.

"बेसमेंट."

"त्या प्रिंटरवर काय लिहिलंय?"

"विश्वनाथ यांच्या स्मरणार्थ."

"ते यावर काम करायचे?"

"नाही, ते पोस्टात होते. त्यांनी हा पाहिलेला नाही. आमच्याकडे दान दिलेल्या वस्तूवर गेलेल्या माणसाचं नाव घालायची पद्धत आहे. देवळातल्या पंख्यांवर असतं."

"आणि पंखा चालतो?"

"बहुतेक ठिकाणी."

आवाने मान हलवली. "चारुदत्त, असे आहेर आमच्या बंदरात कंटेनर भरभरून येतात. हबमध्ये निवडलेल्या पहिल्या कंपन्यांपैकी एक दोघी मैत्रिणींची आहे, ती याच कामाची. जुन्या यंत्राचा फोटो पाठवायचा. तो पाहून, ते यंत्र सुटं करून धातू काढून घेणारा सगळ्यात जवळचा माणूस त्या शोधून देतात. त्यांना उद्घाटनाआधी एक मोठी केस हवी आहे. इथे सापडत नाही. इथे एका घरात एवढं कुणी ठेवत नाही."

चारुदत्तने 'केस' हा शब्द मुकाट्याने स्वीकारला.

"फोटो काढते हं," आवा म्हणाली. "आकाराचा अंदाज यावा म्हणून तुम्ही मध्ये उभे राहता का?"

तो दोन मॉनिटरच्या मध्ये शिरून उभा राहिला.

"थोडं इकडे बघा. छान."

बुधवारी सकाळी डाकारहून निरोप आला. तो सगळ्यात जवळचा माणूस लव्हालमध्येच होता. चारुदत्त दर हिवाळ्यात ज्या गॅरेजमध्ये विंटर टायर लावून घेत असे, त्याच्या मागच्याच शेडमध्ये. त्याची वेबसाइट फक्त फ्रेंचमध्ये होती आणि चारुदत्तने चार दिवस इंग्रजीत शोधलं होतं. डाकारच्या मुलींना तो चहा थंड व्हायच्या आत सापडला होता.

राहिला प्रश्न भावनांचा. त्याचंही उत्तर त्या दोघींनी काढलं. प्रत्येक पट्टीचा फोटो चारुदत्तकडून मागवून त्यांनी हबच्या वेबसाइटवर एक पान तयार केलं, आणि घरच्यांनी पाठवलेल्या तसबिरींसकट सगळी नावं तिथे लावली. विश्वनाथ केशव पहिल्या ओळीत आले.

"शैलेंद्र रडला रे," नंदूने फोनवर सांगितलं. "म्हणाला, बाबा कधी पुण्याबाहेर गेले नाहीत, आणि आता बघ. यादीत आमच्या मामांचं नाव घालता येईल का? वस्तू नंतर देतो."

"नको," चारुदत्त म्हणाला. "वस्तू नको. नाव घालतो."

गुरुवारी दुपारी शेडवाला ट्रक घेऊन आला आणि अंधार पडेपर्यंत बेसमेंट रिकामं झालं. चारुदत्तने रिकाम्या खोलीचा फोटो डाकारला पाठवला. ट्रेडमिलचा फक्त डिजिटल डिस्प्ले त्याने काढून नेला. उरलेली ट्रेडमिल चारुदत्तने बेडरूममध्ये चढवली. तिच्यावर अजून कपडे वाळतात.

इन्स्पेक्टरबाई शुक्रवारी वेळेवर आल्या. त्यांनी हीटर पाहिला, खिडकी पाहिली, जिन्याचा कठडा हलवून पाहिला. जयंती दोन वर्षांच्या मुलाच्या फ्रेंचमध्ये उत्तरं देत होती आणि एकही चुकत नव्हती. जाताना बाईंनी भिंतीवर हात ठेवला. "पिवळा छान आहे," त्या म्हणाल्या. "मुलांना आवडतो." गार्डरीला मंजुरी मिळाली, आणि जयंतीने त्या दिवशी स्वतःसाठी पोहे केले.

एप्रिलमध्ये हबचं उद्घाटन झालं. मॉन्ट्रियलच्या ऑफिसात कॉन्फरन्स रूममध्ये सगळे जमले. चारुदत्त टाय लावून पहिल्या रांगेत, त्याचा साहेब पियेर शेजारी. मोठ्या पडद्यावर डाकारचं सभागृह दिसत होतं. मंत्री बोलले, आवा बोलली. मग तिने हबच्या पहिल्या यशस्वी प्रयोगाची माहिती द्यायला त्या दोघी मैत्रिणींना बोलावलं. त्या फ्रेंचमध्ये बोलत होत्या, त्यामुळे चारुदत्त समजल्यासारखा चेहरा करून बसला होता.

तेवढ्यात पडदाभर फोटो आला. अंधारं तळघर, छतापर्यंत गेलेली मोडकी यंत्रं, आणि त्यांच्यामध्ये कानटोपी घातलेला, शाल पांघरलेला, कॅमेऱ्याकडे आशेने बघणारा एक माणूस. खाली ओळ होती, ती मात्र त्यालाही वाचता आली: 'लाभार्थी कुटुंब, लव्हाल, कॅनडा.'

पुढचा फोटो रिकाम्या पिवळ्या खोलीचा होता. डाकारचं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. मॉन्ट्रियलमध्ये कुणी वाजवल्या नाहीत. सगळे चारुदत्तकडे बघत होते.

पियेर त्याच्या कानाशी वाकला. "चार्ल्स," तो हळू आवाजात म्हणाला. तो त्याला चार्ल्स म्हणत असे. "घरी सगळं ठीक आहे ना? तू कधी बोलला नाहीस."

"ठीक आहे," चारुदत्त म्हणाला. "ते मोजमापासाठी होतं."

पियेरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

सोमवारी चारुदत्त ऑफिसला पोचला, तेव्हा त्याच्या टेबलावर एक जुना लॅपटॉप होता. शेजारी दोन कीबोर्ड, एक प्रिंटर आणि सहकाऱ्यांनी सह्या केलेलं कार्ड. 'तुझ्या कुटुंबासाठी, प्रेमाने.' माणसं आजूबाजूच्या क्युबिकल्समधून हसून बघत होती. रिसेप्शनवरच्या बाईंचे डोळे पाणावले होते. परत कसं करायचं? चारुदत्तने सगळ्यांचे एकेक करून आभार मानले आणि संध्याकाळी ते सामान गाडीच्या डिकीत ठेवलं.

तो घरी आला तेव्हा सहा वाजले होते. बेसमेंटच्या खिडकीतून पिवळा उजेड बाहेर सांडत होता आणि शेवटचं मूल न्यायला आलेली आई दारात उभी होती. जयंती तिच्याशी फ्रेंचमध्ये काहीतरी बोलून हसत होती. तिने हात उंचावून विचारलं, "काय रे, गाडीतून उतरत का नाहीस?"

"आलोच, एक मिनिट," चारुदत्त म्हणाला.

त्याने डिकी अर्धीच उघडली, फोनवर चार फोटो काढले आणि डाकारला पाठवून दिले.