हातातलं घड्याळ खासगी आहे

परवाना कार्यालयातला संगणक एके दिवशी पहिल्याच प्रयत्नात चालू झाला आणि कुणीतरी ही बातमी वरच्या कार्यालयाला कळवली. चालू स्थितीतली वस्तू दिसली की वरच्या लोकांना चैन पडत नाही. आठवडाभरात आदेश आला: सदर संगणकावर नवी प्रणाली तातडीने बसवण्यात यावी.

अडचण एवढीच होती की जुन्या प्रणालीत शहरातल्या झाडून सगळ्या दुकानांचे परवाने होते. ती काढून टाकायची तर कुणीतरी सही करायला हवी होती.

"काढली आणि काही गहाळ झालं, तर माझी पेन्शन जाईल," साहेब म्हणाले. "आणि नवी बसवली नाही, तर मीच जाईन."

त्यांनी हे ज्यांना ऐकवलं ते हेडक्लार्क. बोलता बोलता कुठलं ना कुठलं कलम सांगायची खोड असल्यामुळे सगळं कार्यालय त्यांना कलमराव म्हणे. माणूस सचोटीचा. कार्यालयाच्या पेनाने त्यांनी कधी घरचं सामान लिहिलं नव्हतं. त्यांनी संगणक दुरुस्त करणाऱ्याला बोलावून घेतलं.

"एकाच यंत्रात दोन्ही राहतील," दुरुस्तीवाला म्हणाला. "चालू करताना यंत्र विचारेल, जुनी की नवी. सांगाल ती चालू होईल."

"दोन सुना एका घरात?" साहेबांनी शंका काढली.

"पण दोघी एकदम स्वयंपाकघरात येणार नाहीत."

साहेबांना हे पटलं. मग डिस्कचे दोन भाग पाडायचे ठरले, तेव्हा कुणाला किती यावर दुपार गेली. कलमरावांच्या घरी भावाभावांची वाटणी झाली होती, तेव्हापासून त्यांचा या विषयाचा अभ्यास होता. थोरली म्हणून जुनीला मोठा भाग, आणि वरून आलेली म्हणून नवीला पहिला मान, असा तोडगा निघाला. कामाचीही वाटणी झाली. परवान्याचा उतारा जुनीतून काढायचा आणि तो जोडून त्याच दिवशी दुपारी तीनच्या आत नूतनीकरणाची नोंद नवीत करायची.

दुसऱ्याच दिवशी कलमरावांच्या लक्षात आलं की जुनीत सकाळचे दहा वाजले असले, तर नवीत दुपारचे चार वाजतात. दुरुस्तीवाल्याला पुन्हा बोलावणं गेलं.

"यंत्राच्या पोटात घड्याळ एकच आहे," तो म्हणाला. "जुनी समजते, त्यात इथली वेळ आहे. नवी समजते, त्यात साऱ्या जगाची सामायिक वेळ आहे, म्हणून ती आपले इथले साडेपाच तास, पूर्ण तासांत धरून सहा, वर मिळवते. नवीला एवढंच सांगायचं, की बाई, हे घड्याळ इथलंच आहे. दोन मिनिटांचं काम."

"म्हणजे नवी चुकते, असं लेखी होणार?" साहेबांचा चेहरा उतरला. "वरून आली आहे ती."

"मग जुनीला समजावू. तेही करता येतं."

"म्हणजे जुनी इतकी वर्षं चुकत होती? मग तिने दिलेल्या परवान्यांचं काय?"

अशा वेळी कलमराव पुढे होत, तसे ते झाले. "साहेब, मध्यममार्ग काढावा. सहा तासांचा फरक दोघींनी निम्मा निम्मा सोसावा. पोटातलं घड्याळ तीन तास मागे घेतलं, की जुनी तीन तास मागे राहील, नवी तीन तास पुढे. कुणावरच अन्याय नाही."

"पण मग दोन्ही चूक होतील," दुरुस्तीवाला म्हणाला.

"समान चूक होतील," साहेब म्हणाले आणि समाधानाने टेकून बसले. दुरुस्तीवाल्याने कपाळाला हात लावला आणि सांगितलं तसं करून तो निघून गेला.

मध्यममार्गाची फळं लवकरच दिसू लागली. अर्जांची आवक नवीत नोंदली जाई आणि उत्तरं जुनीतून जात. त्यामुळे कागदोपत्री प्रत्येक अर्ज येण्याआधीच निकाली निघू लागला. असा वेग वरच्या कार्यालयाने कधी पाहिला नव्हता. प्रशस्तिपत्र आलं. ते लावायला जागा हवी म्हणून भिंतीवरचं घड्याळ उतरवण्यात आलं. तसंही ते जुनीशीही जुळत नव्हतं आणि नवीशीही, तेव्हा त्यातच दोष असणार, असा शेरा कलमरावांनी स्वतः मारला. पाठोपाठ परिपत्रक निघालं की यापुढे संगणकात दिसेल तीच अधिकृत वेळ.

कर्मचारी आदेशाचे पक्के. त्यांनी येताना जुनीची वेळ पाळायला सुरुवात केली आणि जाताना नवीची. दहाला हजर आणि पाचला रवाना, तक्रारीला जागाच नाही. बाहेरच्या जगाच्या हिशेबाने कार्यालय दुपारी एकला भरे आणि दोनला सुटे. एक ते दोन ही जेवणाची सुट्टी होती, कारण पोटाने परिपत्रक वाचलं नव्हतं. कलमराव तेवढे सवयीप्रमाणे सकाळीच येऊन बसत.

अशाच एका सकाळी त्यांच्या खिडकीशी त्यांची बायको उभी राहिली.

बाजारात तिचं शिवणकामाचं दुकान होतं. घरातल्या पलंगाशेजारच्या एका मशीनवर सुरू केलेला उद्योग तिने एकटीने बाजारात नेला होता, हाताखाली दोन बायका ठेवल्या होत्या. परवान्याचं नूतनीकरण झालं नाही, तर गाळा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या माणसाला जाणार होता. ती महिनाभर अर्ज भरून बसली होती. पण बायकोचा अर्ज लवकर आला तर लोक वशिला म्हणतील, म्हणून कलमरावांनीच तिला शेवटच्या दिवसापर्यंत थांबवलं होतं. मुदत आज दुपारी तीनपर्यंत होती.

"घ्या अर्ज," ती म्हणाली.

"बाई, आपला उतारा जुन्या प्रणालीतून काढावा लागेल," कलमराव म्हणाले. कार्यालयात ते सर्वांनाच आपण म्हणत. "तिथे आत्ता सकाळचे सात वाजलेत. कार्यालय उघडलेलं नाही."

"अहो, मग तुम्ही आत काय करताय?"

"मी नवीत आहे. नवीत एक वाजलाय. जेवणाची सुट्टी."

तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी असं पाहायची वेळ तिच्यावर क्वचितच आली होती. "तुमच्या हातातल्या घड्याळात किती वाजलेत?"

"दहा. पण ते खासगी आहे."

ती बाकावर बसून राहिली. अकराला नवीतली सुट्टी संपली, पण उताऱ्याशिवाय नोंद होईना. बाराला नवीत तीन वाजले आणि मुदत संपली. एकला जुनीत दहा वाजले, कार्यालय उघडलं, कलमरावांनी लगबगीने उतारा काढून तिच्या हातात दिला आणि यंत्र बंद करून नवीत चालू केलं. तिथे चार वाजून गेले होते.

"उशीर झाला," ते म्हणाले.

"मी सकाळपासून इथे बसलेय."

"ते मला माहीत आहे. पण त्याची नोंद नाही."

जेवायला आलेल्या साहेबांपुढे प्रकरण गेलं. साहेब हळहळले. म्हणाले, "वहिनी, तुमच्यावर अजिबात अन्याय झालेला नाही. सगळ्यांचं असंच होतंय." अर्ज फेटाळल्याची नोंद कलमरावांना स्वतःच्या हाताने करावी लागली. त्यांना मनापासून वाईट वाटलं. घरी त्या रात्री आमटीत मीठ नव्हतं.

मग गाळा रिकामा करण्याची नोटीस निघाली. तीही कलमराव स्वतःच घेऊन गेले, दुसऱ्याला पाठवायची लाज वाटली म्हणून. बायकोने नोटीस घेतली, पालथी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर गिऱ्हाइकाचं माप लिहून घेतलं.

"गाळा ज्याला मिळाला, तो आला की निघेन," ती म्हणाली.

तो आलाच नाही. प्रतीक्षायादीतल्या माणसालाही उतारा जुनीतून काढायचा होता आणि नोंद नवीत करायची होती. त्याची मुदत तशीच टळली, त्याच्या पुढच्याचीही टळली. हळूहळू बाजारातला एकूण एक परवाना असाच संपला. कागदावर बाजार ओस पडला आणि प्रत्यक्षात गजबजून गेला. परवानाच नाही म्हटल्यावर शुल्क कुणाकडून घेणार आणि दुकानच नाही म्हटल्यावर तपासणी कशाची करणार? दुकानदार खूश होते, कर्मचारी तर होतेच. साहेबांना बेकायदा दुकानं शून्यावर आणल्याबद्दल दुसरं प्रशस्तिपत्र मिळालं.

झोप उडाली ती फक्त कलमरावांची. आपण नोटीस दिलेल्या दुकानदाराच्या घरी आपण रोज जेवतो, हे त्यांना सहन होईना. शेवटी एका संध्याकाळी, कार्यालय केव्हाच सुटलेलं असताना, त्यांनी कुणालाही न विचारता दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने नवीला सांगायचं ते वाक्य लिहिलं, यंत्राचं घड्याळ खऱ्या वेळेवर आणायची तयारी केली आणि खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. "आता फक्त बटण दाबायचं."

कलमरावांनी आधी बायकोला फोन लावला. चांगली बातमी आपल्या तोंडून कळावी, असं त्यांना वाटलं.

"दोन्ही घड्याळं एक करतोय," ते म्हणाले. "उद्यापासून सगळं नियमाने."

पलीकडे मशीन थांबल्याचं ऐकू आलं. "करा की," ती म्हणाली. "पण मग उद्या यादीतल्या माणसाची नोंद होईल ना? पहिला गाळा कुणाचा जाईल?"

तिने फोन ठेवला. कलमराव खुर्ची मागे सरकवून दुरुस्तीवाल्याला म्हणाले, "राहू दे. चाललंय ते काय वाईट आहे?"

दुरुस्तीवाला गेल्यावर ते जागचे उठले नाहीत. त्यांनी समोरून चहा मागवला, पायातल्या चपला काढल्या आणि दुसरी खुर्ची ओढून तिच्यावर पाय पसरले. चहा अर्धा झाला असेल, तोच फोन वाजला.

"दुकान बंद करतेय. कुठवर आलात?" बायकोने विचारलं.

"वाटेतच आहे," कलमराव म्हणाले. "पाच मिनिटांत पोचतो."

आता तुम्ही त्यांना खुशाल नावं ठेवा, माझी हरकत नाही. फक्त तुम्ही स्वतः परवा फोनवर "निघालोच" म्हणालात, तेव्हा तुमची आंघोळ झाली होती का, एवढं जरा आठवून बघा.